एकाच दिवशी दोन म्हातारे: थिओडेन, डेनेथॉर आणि आधीच पेरलेलं मरण

जे. आर. आर. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तिसऱ्या युगाच्या 3019 या वर्षी, 15 मार्चला, दोन वृद्ध सत्ताधीश मरतात. रोहानचा राजा थिओडेन मिनास तिरिथ या गोंडोरच्या राजधानीच्या तटाबाहेर, पेलेन्नोरच्या मैदानात, आपल्याच घोड्याखाली चिरडला जातो. राजाच्या गैरहजेरीत गोंडोर चालवणारा कारभारी डेनेथॉर त्याच शहराच्या आत, पूर्वजांच्या थडग्यांमध्ये स्वतः रचायला लावलेल्या चितेवर जळतो. दोघांमध्ये फक्त एक तट आहे. एकाला दुसऱ्याच्या मरणाची खबर मिळत नाही, आणि संपूर्ण कथेत हे दोघे एकदाही समोरासमोर येत नाहीत.

महाकाव्यात्मक फँटसीत समांतर नशिबांच्या जोड्या पुष्कळ सापडतात, आणि घडणार असलेल्या गोष्टीची चाहूल आधी देऊन ठेवणं हे तर या प्रकाराचं हुकमी साधन. भविष्यवाण्या, स्वप्नं, शाप, जुनी गाणी. पण त्यातलं बरंचसं पूर्वसूचन कोड्यासारखं असतं: उत्तर कळलं की मजा संपली. थिओडेन आणि डेनेथॉर यांच्या बाबतीत असं होत नाही. शेवट ठाऊक असताना पुन्हा वाचायला घेतलं तर आधीची पानं अधिकच जड होतात. ते का होतं, हे या एका प्रकरणापुरतं बारकाईने पाहायचं आहे.

जोडी कशी जुळते

पहिल्या वाचनात हे साम्य फारसं जाणवत नाही, कारण टोल्किन ते एका जागी ठेवत नाही. काही भाग दुसऱ्या खंडात आहे, काही तिसऱ्यात, आणि बराचसा तर कथा संपल्यानंतरच्या परिशिष्टांत. सगळं एकत्र मांडलं की थक्क व्हायला होतं.

थिओडेन 2980 मध्ये गादीवर येतो, डेनेथॉर 2984 मध्ये. दोघेही विधुर. थिओडेनची बायको एल्फहिल्ड मुलाला जन्म देताना गेली, डेनेथॉरची बायको फिंडुइलास मुलं लहान असतानाच. ज्या युद्धात दोघे मरतात, त्याच युद्धात दोघांचे थोरले मुलगे आधी मारले जातात: थिओडेनचा एकुलता एक थिओड्रेड 25 फेब्रुवारीला आणि डेनेथॉरचा बोरोमिर 26 फेब्रुवारीला. दोघांच्याही कानाशी शत्रूचा आवाज आहे. थिओडेनच्या पायाशी त्याचा सल्लागार वर्मटंग बसतो, जो गुपचूप सारुमान या फितूर जादूगाराचा माणूस आहे. डेनेथॉरच्या मनोऱ्यात पालांतीर आहे, दूरवरचं दाखवणारा प्राचीन गोळा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला खुद्द साउरॉन, या युद्धातला मुख्य शत्रू. दोघांच्या दारात जादूगार गँडाल्फ येतो. दोघांच्या पदरी ठेंगण्या हॉबिट लोकांपैकी एकेक जण चाकरीला राहतो: थिओडेनकडे मेरी, डेनेथॉरकडे पिपिन. परिशिष्टात आणखी एक धागा आहे: तरुणपणी आरागॉर्नने, गोंडोरच्या रिकाम्या सिंहासनाच्या वारसाने, थोरोंगिल हे नाव घेऊन आधी थिओडेनच्या बापाची, थेंगेलची, चाकरी केली आणि मग डेनेथॉरच्या बापाची, एक्थेलिअनची. म्हणजे ज्या माणसाच्या येण्यावर दोघांची शेवटची परीक्षा होणार आहे, तो दोघांच्याही घरी आधीच येऊन गेला होता.

इतकं सगळं जुळवलं की एक धोका उभा राहतो. वाचकाला मांडणी दिसू लागते, माणसं दिसेनाशी होतात. टोल्किन यातून सुटतो, कारण ही साम्यं तो परिस्थितीत ठेवतो, स्वभावात नाही. थिओडेन मायाळू, थोडा भोळा, पटकन लाजणारा आणि पटकन उसळणारा आहे. डेनेथॉर कथेतल्या सर्वांत तल्लख माणसांपैकी एक. समोरच्याने काय लपवलं, हे तो दोन प्रश्नांत हुडकून काढतो. सभागृहातली त्याची पिपिनशी पहिली भेट वाचावी. बोरोमिर कसा मेला, याचं उत्तर त्या बिचाऱ्या पोराकडून काढताना म्हाताऱ्याच्या मांडीवर मुलाचं दुभंगलेलं शिंग ठेवलेलं आहे. आवाज शांत आहे, प्रश्न सुरीसारखे आहेत, आणि शिंग नजरेआड होत नाही.

दोन शपथा

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा दोन हॉबिटांच्या चाकरीत आहे. तीन दिवसांच्या अंतराने दोन शपथा घेतल्या जातात, आणि दोन्ही म्हाताऱ्यांचा शेवट त्या शपथांमध्ये जवळजवळ पूर्ण लिहिलेला आहे.

पहिली मेरीची, 6 मार्चची. हॉर्नबर्गच्या किल्ल्यात थिओडेन त्याला शेजारी बसवतो, गप्पा मारतो, आणि मेरीच्या मनात या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया दाटून येते. तो आपली तलवार राजाच्या मांडीवर ठेवतो आणि चाकरीत घेण्याची विनंती करतो. राजा आनंदाने हो म्हणतो. मेरी म्हणतो, तुम्ही मला बापासारखे व्हाल. थिओडेन उत्तर देतो, थोड्या काळापुरता.

या एका वाक्यावर किती भार आहे, हे पहिल्या वाचनात कळत नाही. म्हातारा माणूस आपल्या वयाबद्दल असं बोलतोच. इथे भविष्यवाणीचा अभिनिवेश नाही, स्वर गंभीर होत नाही, ढग येत नाहीत. बोलणं पुढे जातं, लोक घोड्यांवर बसतात. पण आकडा ठरलेला आहे: 6 मार्च ते 15 मार्च.

दुसरी शपथ पिपिनची, 9 मार्चला, मिनास तिरिथच्या सभागृहात. इथे मायेला जागा नाही. डेनेथॉरच्या बोलण्यातला तिरस्कार पिपिनला झोंबतो, बोरोमिर आपल्याला वाचवताना मेला याची बोच त्याला आहेच, आणि त्या ऋणाची फेड म्हणून तो स्वतःला देऊ करतो. डेनेथॉर स्वीकारतो, पण रीतसर, मजकूर सांगून. त्या मजकुरात निष्ठेला प्रेम मिळेल असं म्हटलं आहे, शौर्याला सन्मान मिळेल असंही, आणि शपथ मोडणाऱ्याला सूड. थिओडेनच्या वेळी सुडाचा विषयही निघाला नव्हता.

आता दोन्ही मालक आपापल्या चाकराला कसे मोकळे करतात ते पाहावं. ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. थिओडेन युद्धावर निघताना मेरीला मागे ठेवतो: घोडेस्वारांच्या दौडीत हा लहानखुरा माणूस टिकणार नाही. तो म्हणतो, चाकरीतून मोकळं करतो, मैत्रीतून नाही. डेनेथॉर चितेकडे निघताना पिपिनला मोकळं करतो: जा, तुला योग्य वाटेल तसा मर. एकाच प्रसंगाची दोन रूपं, एकच कृती, आणि दोन माणसांमधलं सगळं अंतर त्या दोन वाक्यांत मावलेलं आहे.

दोन्ही हॉबिट ही मोकळीक नाकारतात. मेरी आज्ञा मोडून वेषांतर केलेल्या इओविनच्या, थिओडेनच्या भाचीच्या, घोड्यावर लपून रणांगणात पोचतो. पिपिन गँडाल्फला शोधायला धावत सुटतो, पण जाताना डेनेथॉरला सांगतो की तुम्ही जिवंत असेपर्यंत मला तुमच्या चाकरीतून सुटका नको आहे. सुटका नको म्हणणारे हे दोघेच पुढे आपापल्या मालकाच्या घरातलं एकेक माणूस वाचवतात. मेरीचा घाव नाझगुलांच्या, म्हणजे साउरॉनच्या भयानक सेवकांच्या, सरदाराला बसतो, म्हणून इओविन तो लढा जिंकते आणि जिवंत राहते. पिपिन वेळेवर पोचतो म्हणून डेनेथॉरचा धाकटा मुलगा फारामिर चितेवरून उचलला जातो.

आशा आणि निराशा एवढंच आहे का?

या जोडीबद्दल सहसा जे म्हटलं जातं ते असं: थिओडेनने आशा धरली, डेनेथॉरने सोडली. हे वाचन मला अपुरं वाटतं, आणि पुस्तक नीट पाहिलं तर ते उभं राहत नाही.

थिओडेनला फारशी आशा नाहीच. आपली राजधानी एडोरास सोडताना तो सगळ्यांसमोर सांगतो की ही आपली शेवटची स्वारी दिसते. हेल्म्स डीपच्या लढाईच्या रात्री, वेढा आवळत असताना, तो पहाटे बाहेर पडायचं ठरवतो ते जिंकू म्हणून नाही. कदाचित वाट फुटेल, नाहीतर गाण्याजोगा शेवट होईल, तोही गाणारं कुणी उरलं तर, असा त्याचा हिशेब आहे. मरण जवळ आलं आहे, हे त्याला डेनेथॉरइतकंच स्पष्ट दिसतं.

फरक दुसरीकडे आहे. आपल्यामागे काय राहावं, या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी आहेत. ज्या दमात थिओडेन ही शेवटची स्वारी असं म्हणतो, त्याच दमात तो वारस ठरवतो: मुलगा गेला, आता भाचा इओमर. आणि दोघेही परतलो नाही तर तुम्हाला हवा तो राजा निवडा. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घराण्यात चालत आलेली गादी हा माणूस एका वाक्यात लोकांच्या हाती देऊन टाकतो. मागे राहणाऱ्यांचं नेतृत्व कोणी करायचं, हा प्रश्न निघतो तेव्हा राजाचा द्वारपाल हामा इओविनचं नाव सुचवतो, आणि राजा तेही मानतो.

डेनेथॉरचं उत्तर चितेजवळ येतं. गँडाल्फ त्याला विचारतो की तुला हवं तरी काय. तो सांगतो: सगळं माझ्या आणि माझ्या वाडवडलांच्या काळात होतं तसं, आणि माझ्यामागे माझ्या खुर्चीवर माझा मुलगा, जो दुसऱ्या कुणाचा चेला नसेल. ते मिळणार नसेल तर मला काहीच नको. कमी झालेलं आयुष्य नको, वाटलं गेलेलं प्रेम नको, उणावलेला मान नको. त्याच्या कल्पनेत भविष्य येतच नाही, फक्त भूतकाळाची जशीच्या तशी पुढची प्रत येते. आणि ती मिळत नाही म्हटल्यावर जिवंत मुलालाही तो सोबत न्यायला निघतो.

याची चाहूल दुसऱ्या खंडात, अगदी निराळ्या जागी देऊन ठेवलेली आहे. इथिलिअनमधल्या गुप्त ठाण्यात फारामिर कथेचा नायक असलेल्या फ्रोडो या हॉबिटाला लहानपणची आठवण सांगतो. बोरोमिरने वडिलांना विचारलं होतं की राजा परत येत नसेल तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात? डेनेथॉरने उत्तर दिलं की राजपदाचा मान कमी असलेल्या इतर ठिकाणी थोडी वर्षं पुरत असतील, गोंडोरमध्ये दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत. फ्रोडोसोबत आपणही हे ऐकतो आणि वाटतं, वा, काय निष्ठावंत माणूस. शेकडो वर्षं रिकाम्या सिंहासनाच्या सर्वांत खालच्या पायरीवर, साध्या काळ्या दगडी खुर्चीत बसणाऱ्या घराण्याचा हा अभिमान. पुढे प्रत्यक्ष वारस दाराशी आल्यावर तोच माणूस म्हणतो की अशा उपटसुंभाचा म्हातारा खानसामा मी होणार नाही. तेव्हा ते जुनं उत्तर पुन्हा आठवतं आणि त्याचा रंग बदलतो. दहा हजार वर्षं त्याला खरोखरच हवी होती, राजा नसलेली. वाक्य तेच, शब्द तेच, फक्त मधे बरीच पानं उभी आहेत.

खोटं काही न सांगता, काही न लपवता वाचकाच्या हाती दिलेली गोष्ट पुढे उलटी होते. पूर्वसूचनाचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

तांबडा बाण

आता त्या धाग्याकडे, ज्यामुळे ही दोन मरणं नुसती शेजारी न राहता एकमेकांना बांधली जातात.

डेनेथॉर रोहानकडे मदत मागतो. त्याचा दूत हिरगोन तांबडा बाण घेऊन थिओडेनकडे येतो, हे जुन्या कराराचं चिन्ह. थिओडेन येण्याचं वचन देतो आणि हिरगोन ते घेऊन परत निघतो. पुढे, मिनास तिरिथच्या अलीकडे, रोहानच्या टेहळ्यांना दोन प्रेतं सापडतात. एकाचं डोकं उडवलेलं आहे आणि हातात अजून तांबडा बाण आहे. दूत परतीच्या वाटेवर, शहरात पोचण्याआधीच मारला गेला. थिओडेन ताबडतोब ओळखतो: म्हणजे आपण निघालो आहोत हे डेनेथॉरला कळलंच नाही, तो आपल्या येण्याची आशा सोडेल.

हे वाक्य कोण म्हणतंय? थिओडेन. काहीच दिवसांपूर्वी ज्याने स्वतः आशा सोडली होती, तोच माणूस. तटापलीकडच्या, कथेत कधीही न भेटलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल हे त्याला अचूक कळतं, कारण तो तिथे राहून आला आहे. वर्मटंगच्या छायेतून बाहेर आल्या आल्याही त्याने असंच केलं होतं. बोरोमिरच्या मरणाची बातमी ऐकून तो हळहळला, तरुण मरतात आणि म्हातारे मागे कुजत राहतात असं म्हणाला. स्वतःचा मुलगा नुकताच गेला असताना दुसऱ्याच्या मुलासाठी.

आणि डेनेथॉर? त्याला निरोप मिळालेला नाही, पण त्याच्याकडे पालांतीर आहे. हीच तर त्याची शोकांतिका. त्याला दिसतं ते खोटं नसतं. गँडाल्फ नंतर स्पष्ट करतो की हा माणूस साउरॉनच्या इच्छेपुढे वाकण्याइतका छोटा नव्हता, पण शत्रूने दाखवू दिलं तेवढंच त्याला दिसलं. चितेवरून तो विजयी स्वरात सांगतो की अंडुइन नदीतून काळ्या शिडांचं आरमार येतंय. आरमार येतच असतं. पण कथेच्या कालपटानुसार 13 मार्चलाच ते आरागॉर्नने पेलार्गिर बंदरात ताब्यात घेतलेलं आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या गोष्टीवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष एका म्हाताऱ्याला जाळतो.

पालांतीरची बीजंही आधीच पेरलेली आहेत, आणि तीही किती साधेपणाने! शहरात पहिल्याच दिवशी पहारेकरी बेरेगोंड पिपिनला गप्पांच्या ओघात सांगतो की आमचा स्वामी रात्री मनोऱ्यात एकटा बसून विचार करतो, शत्रूच्या मनाचाही ठाव घेतो म्हणतात, त्यामुळेच तो वेळेआधी थकला. ऐकणाऱ्याला ही शहरातली कौतुकाची वदंता वाटते. मग जखमी फारामिर आणला जातो त्या रात्री मनोऱ्याच्या अरुंद खिडक्यांतून फिकट उजेड लुकलुकताना लोकांना दिसतो, क्षणभर झळकून विझतो, आणि खाली उतरलेल्या बापाचा चेहरा मुलाच्या चेहऱ्यापेक्षाही मेलेला दिसतो. तरीही टोल्किन कारण सांगत नाही. ते थेट चितेजवळ, कापड बाजूला सारून डेनेथॉरच्या हातात तो गोळा दिसतो तेव्हाच उघड होतं.

मग दोन्ही धागे एका क्षणी गाठले जातात. शहराचं दार फुटलं आहे, गँडाल्फ एकटा नाझगुलांच्या सरदारासमोर उभा आहे, इतक्यात रोहानची शिंगं वाजतात आणि सरदार मैदानाकडे वळतो. गँडाल्फ त्याच्या मागे जाणार, तोच पिपिन धावत येतो: फारामिरला जिवंत जाळतायत, तुम्ही वाचवू शकत नाही का? गँडाल्फ म्हणतो, कदाचित शकेन, पण मग दुसरे मरतील अशी भीती वाटते.

दुसरे म्हणजे कोण, हे तेव्हा ठाऊक नसतं. ठाऊक होतं तेव्हा थिओडेन घोड्याखाली पडलेला असतो. गँडाल्फ मैदानात नव्हता, कारण तो थडग्यांच्या रस्त्यात होता, आणि तिथे तो डेनेथॉरमुळे होता. एका म्हाताऱ्याच्या निराशेची किंमत दुसऱ्याने मोजली. समांतर रेषा एकमेकींना छेदत नाहीत असं म्हणतात, इथे त्या छेदतात, आणि ज्या बिंदूवर छेदतात तिथे एक तरुण जिवंत राहतो. अनेक मालिकांमध्ये समांतर पात्रं नुसती आरशासारखी वापरली जातात, एकाकडे पाहून दुसरं समजावं म्हणून. त्यात गैर काही नाही, पण इथे जे आहे ते त्याच्या कितीतरी पुढचं आहे.

लेखकाला आधी माहीत होतं का?

इतकं घट्ट विणलेलं पाहून वाटतं की सगळं आधी आखून ठेवलं असणार. तसं नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किन स्वतः लिहितो की पाचव्या भागातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकरणांची सुरुवात लिहून तो थांबला. अनोरिएनमध्ये इशाऱ्याच्या आगी पेटल्या होत्या, थिओडेन हॅरोडेलला पोचला होता, आणि पुढचं दिसेना. पहिलं प्रकरण म्हणजे मिनास तिरिथ आणि तिसरं म्हणजे रोहानची जमवाजमव. एक डेनेथॉरचं शहर, एक थिओडेनची फौज. दोन्ही म्हाताऱ्यांच्या वाटा सुरू करून दिल्या आणि लेखणी अडली.

नव्या लेखकांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. पूर्वसूचन म्हणजे शेवट ठरवून मागे खुणा ठेवत येणं, असं शिकवलं जातं. काही वेळा ते तसं असतंही. पण पुष्कळदा लेखक एखादी वस्तू, शपथ, वाक्य प्रामाणिकपणे ठेवतो आणि पुढे गेल्यावर मागे वळून पाहतो: माझ्या हातात काय काय आहे? मग तो मागच्या पानांवर परत जातो, गरज असेल तिथे हात फिरवतो. वाचकाला जे नियतीसारखं वाटतं, ते बऱ्याचदा लेखकाने आपल्याच लिखाणाचं नीट केलेलं पुनर्वाचन असतं.

एक आक्षेप

तराजू समान आहे का? डेनेथॉरवर अन्याय झाला, असं म्हणणारे वाचक आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. थिओडेनच्या कानाशी होता एक दुबळा, लोभी माणूस. डेनेथॉर कथेतल्या सर्वांत मोठ्या शक्तीशी एकटा झुंजत होता. थिओडेनला गँडाल्फने वेळेवर हात दिला, दाराबाहेर नेलं, काठी टाकून तलवार धरायला लावली. डेनेथॉरकडे गँडाल्फ आला तो फार उशिरा, आणि आधीच संशयाचा विषय होऊन.

हे मान्य करूनही मला वाटतं की टोल्किनने इथे फसवणूक केलेली नाही. पुस्तकातला थिओडेन मंत्राने झपाटलेला नाही. मेडुसेल्ड या थिओडेनच्या सभागृहातल्या त्या दृश्यात बराच भाग समजावणीचा आहे: उठा, बाहेर या, आपला मुलूख पाहा. म्हातारा नाही म्हणू शकला असता. डेनेथॉरलाही चितेजवळ तसंच बोलावणं येतं, आणि तेही त्याच माणसाकडून: बाहेर लढाई चालू आहे, तुझी तिथे गरज आहे. तो क्षणभर डळमळतोही. पुस्तकात ते स्पष्ट आहे. फारामिर बेशुद्धीत वडिलांना हाक मारतो आणि डेनेथॉरच्या डोळ्यांत पाणी येतं. तो हलला असता तर आपल्याला नवल वाटलं नसतं, आणि म्हणूनच तो हलत नाही तेव्हा काळीज तुटतं.

2003 च्या चित्रपटात पालांतीरचा धागा जवळजवळ काढून टाकला आहे. त्यामुळे तिथला डेनेथॉर नुसता खुनशी आणि भ्रमिष्ट उरतो, तर थिओडेन अक्षरशः पछाडलेला दिसतो. युद्धाची दृश्यं भव्य आहेत, रोहानची दौड पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण ही जोडी तिथे मोडली, याचं मला वाईट वाटतं.

हिशेब मिटतो तो कुठे

लढाई संपल्यावर इओमर आणि राजपुत्र इम्राहिल मनोऱ्याखालच्या सभागृहात येतात. कारभाऱ्याची खुर्ची रिकामी आहे. तिच्यासमोर थिओडेनचा देह मानाने ठेवलेला, भोवती बारा मशाली आणि दोन्ही राज्यांचे बारा सरदार. रोहानचा राजा गोंडोरच्या कारभाऱ्याच्या सभागृहात पोचला तो असा. इम्राहिल विचारतो, कारभारी कुठे आहेत? पहारेकरी सांगतो, शुश्रूषागृहात. कारभारी म्हणजे आता फारामिर, हे कळायला वाचकालाही क्षणभर लागतो.

आपल्याला थडगं नको असं डेनेथॉर ओरडून म्हणाला होता. त्याच थडग्यांच्या रस्त्यात, राथ डीनेनमध्ये, पुढचे काही महिने थिओडेनला विसावा मिळतो. जुलैमध्ये इओमर येऊन त्याला घरी नेतो. दुसऱ्या खंडात गँडाल्फ आणि मंडळी एडोरासला आली तेव्हा वाटेच्या दुतर्फा राजांचे उंचवटे होते, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला सात, पांढऱ्या फुलांनी झाकलेले. 10 ऑगस्टला सातांचे आठ होतात. मेरी तिथे उभा राहून निरोप घेताना आपली शपथच परत म्हणतो, फक्त काळ बदलून: तुम्ही मला बापासारखे होतात, थोड्या काळापुरते.

डेनेथॉरचा हिशेब मात्र त्याआधीच, 1 मे रोजी, शहराच्या दारात पुरा होतो. मरताना त्याने कारभाराची काठी गुडघ्यावर मोडून आगीत फेकली होती, पद आपल्याबरोबरच संपतंय या खात्रीने. राज्याभिषेकाच्या दिवशी फारामिर पांढरी काठी पुढे करतो आणि शेवटचा कारभारी म्हणून पद सोडण्याची परवानगी मागतो. आरागॉर्न ती हातात घेतो आणि त्यालाच परत देतो: हे पद संपलेलं नाही, माझं घराणं आहे तोवर ते तुझ्या घराण्याचं. आपल्यामागे आपल्या खुर्चीवर आपला मुलगा, एवढंच डेनेथॉरने चितेवरून मागितलं होतं. राजाच्या हाताखाली का होईना, त्यातलं बहुतेक सगळं त्याला मिळणारच होतं. आणि हा मुलगा पुढे लग्न करतो ते इओविनशी, थिओडेनच्या भाचीशी. मेरी आणि पिपिनने वाचवलेली ती दोन माणसं शुश्रूषागृहात एकमेकांना भेटली होती.